रिसेप्टरची चादर

जोतिराम मूळचा सांगोल्याकडचा. बापाची मेंढरं सोडून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरींच्या कारखान्यात आला आणि चादरींवरची नक्षी काढण्यात त्याची हयात गेली. मोर म्हणा, कमळ म्हणा, ग्राफच्या कागदावर डावं अंग काढायचं आणि उजवीकडं तेच उलटून घ्यायचं. चादर कशी, दोन्ही अंगांनी सारखी पाहिजे.

पण त्याची लेक प्रियदर्शनी पुण्याच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं करते तरी काय, हे काही त्याच्या टाळक्यात शिरेना. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतो, तो बाहेरची खबर आत पोचवतो आणि त्याच्या एका तुकड्याची घडण ती शोधते, एवढं त्यानं पाठ केलं होतं. पाठ झालं म्हणजे कळलं थोडंच? आता ती जर्मनीला निघालेली. बापाला आपलं काम कधी कळलंच नाही, हे मनात घेऊन पोर जाणार, या विचारानं त्याला घास गोड लागेना.

मग गड्यानं काय करावं? तिनं मोबाइलवर पाठवलेलं त्या तुकड्याचं चित्रच चादरीत विणायला घेतलं. चित्र कसलं, नुसता फितींचा गुंता. एक गोल गोल पिळलेली, दुसरी भलतीकडंच पळालेली. इतकं वेडंवाकडं माणसाच्या अंगात असेल कसं? चित्रच बिघडलं असणार, असं ठरवून त्यानं डावं अंग तेवढं ठेवलं आणि सवयीनं उजवीकडं उलटून घेतलं.

निघायच्या आदल्या दिवशी प्रियदर्शनीनं घडी उलगडली आणि उजव्या अंगावरनं पुन्हा पुन्हा बोट फिरवलं.

"का गं, आवडली न्हाय?"

"लई आवडली, आप्पा. पण उजवीकडं पीळ उलटा बसलाय. अंगात त्यो एकाच बाजूला वळलेला असतो. उलटा केला तर खबर धरताच यायची न्हाय त्या तुकड्याला."

"मग हे उजवं काय हाय?"

"कुणाच्याच अंगात नसलेलं कायतरी."

जोतिराम पार गोंधळला. नीट करायला गेलो, तेच चुकलं? त्याला लाज वाटली आणि राग तर कुणावर काढावा तेही कळेना.

"मला तुझं काम कवाच कळलं न्हाय बघ," तो तोंड फिरवून बोलला. "आन् ती खबर आत जाती तरी कशी?"

ती त्याच्याजवळ बसली. "ते मलाबी अजून नीट कळलं न्हाय, आप्पा. त्याच्यासाठीच चाललेय की."

जोतिरामनं फिरवलेलं तोंड पुन्हा तिच्याकडं वळवलं.

"अगं, मग आधी सांगायचं की. इतकी वर्षं मी एकटाच लाजत बसलो."