मी कुरटे म्हटलं होतं

आधीच सांगते, मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात कुणी भुताची, देवचाराची गोष्ट काढली की "तो तुमच्याच घरी कसा येतो रे, माझ्याकडे का येत नाही?" असं विचारून त्याला गप्प करणारी मीच. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिल्याशिवाय चैनही नाही.

आमचं घर मालवणात, दांडीच्या किनाऱ्यालगत. घरात मी, नवरा मार्टिन आणि माझी माय. मायच्या खाटेजवळच्या खिडकीतून सिंधुदुर्ग किल्ला अगदी समोर दिसतो. लहानपणी जेवताना माय मला प्रश्न विचारायची आणि उत्तर बरोबर आलं की तळलेल्या बांगड्याचा तुकडा ताटात टाकायची. तेव्हापासूनचं हे वेड. म्हणून टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेत माझी निवड झाली, तेव्हा माझ्यापेक्षा मायच जास्त मिरवली. शेजारच्या शांतावैनींना तिच्या सोबतीला ठेवून आम्ही दोघं मुंबईला गेलो.

तिथले नियम कडक. स्टुडिओत शिरतानाच दोघांचे मोबाइल जमा करून घेतले. तुमचा खेळ संपला की परत मिळणार. खेळ अर्धवट राहिला तर मुक्काम त्यांच्याच हॉटेलात, उरलेलं शूटिंग दुसऱ्या दिवशी – आणि तोवर घरी फोन नाही.

माझी गाडी सुसाट चालली होती. त्या दिवसाचा शेवटचा प्रश्न आला आणि मी चक्क हसले. सिंधुदुर्ग किल्ला कोणत्या बेटावर आहे? अहो, मालवणच्या पोराला झोपेतून उठवून विचारा! मी खणखणीत आवाजात म्हटलं, "कुरटे."

सूत्रसंचालकांचा चेहरा पडला. "सिल्वियाताई, तुम्ही मालवणच्या ना? खांदेरी नाही हो... कुरटे."

"मीही कुरटेच म्हटलं!"

प्रेक्षकांत बसलेला मार्टिनसुद्धा उठून तेच सांगू लागला. शेवटी त्यांनी रेकॉर्डिंग लावून दाखवलं. पडद्यावर मीच होते. आवाज माझाच, ओठही स्पष्ट हलताना दिसत होते – खांदेरी. खांदेरी तर पार अलिबागच्या बाजूला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एका चुकीत खेळ तिथेच संपला. मोबाइल हातात आला, तर शांतावैनींचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. मी घाबरून फोन लावला.

"गो सिल्विया, मायच्या पोटात सकाळपासून कळा येतत. डॉक्टर सांगतत गोव्याक मोठ्या हॉस्पिटलात न्हेवा, आणि ही म्हणता, चेडू येयसर मी जावचंय नाय! दारात इलेली गाडी परत धाडल्यान."

लेक आल्याशिवाय जाणार नाही म्हणजे नाही; आमची माय एकदा नाही म्हणाली की नाही. मिळेल ती गाडी पकडून आम्ही सकाळी कुडाळ गाठलं आणि तिथून रिक्षाने घर. मला बघताच माय मुकाट्याने अँब्युलन्समध्ये चढली. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर केला असता तर हाती काही लागलं नसतं. एक दिवस... म्हणजे मी बरोबर उत्तर दिलं असतं तर!

हॉस्पिटलच्या बाकावर शांतावैनी मला हळूच म्हणाल्या, "तुजो फोन येवच्या जरा आदी ही डोळे मिटून पडलेली. एकदम म्हणाली, 'चुकला माजा चेडू. बरा झाला. आता येतला.' माका वाटला, तापात बरळता."

मी औषधांची चिठ्ठी घेऊन उठले.

पुढे कार्यक्रम टीव्हीवर लागला तोवर माय घरी आली होती. मी हरले एवढं गावाला माहीत होतं, पण काय चुकले ते आम्ही दोघांनी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. माय खाटेवर बसून बघत होती, तिचा हात माझ्या हातात होता. तो प्रश्न आला. पडद्यावरची मी तोंड उघडायच्या आधीच माय अगदी हळू पुटपुटली, "खांदेरी."

मग टीव्हीतली मी म्हणाले, "खांदेरी."

मी गर्रकन तिच्याकडे वळले. "माय, तुका कसा म्हायत?"

"काय म्हायत?" ती खरोखरच गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. आपण काही बोललो हेच तिला ठाऊक नव्हतं. मग टीव्हीवर बरोबर उत्तर आलं आणि पोटावरच्या टाक्यांना हात लावून ती हसत सुटली. "गो, कुरटे म्हायत नाय तुका? खिडकेतून दिसता ता!"

ते रेकॉर्डिंग मी पुन्हा पुन्हा बघितलं. दर वेळी खांदेरीच. मार्टिन मात्र आजही शपथेवर सांगतो की त्याने कुरटे ऐकलं. आमच्यापैकी कुणाचे कान खोटे, की कॅमेरा खोटा, विज्ञानाच्या टीचरला आजतागायत सांगता आलेलं नाही. शाळेतली पोरं पाठीमागून मला 'खांदेरी टीचर' म्हणतात. म्हणू देत बापडी... शाळा सुटल्यावर घरी पोचले की "इलंस गो?" म्हणून विचारायला माय आहे.