डिस्कवर आधी माहेर

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि त्याच्या डिस्कवर लक्ष ठेवायला मला बसवलं. डिस्क म्हणजे कपाटाएवढं धूड, आत ताटांएवढ्या चकत्या. ती किती वाचते, किती लिहिते आणि किती वेळ नुसतीच खोळंबते, हे दिव्यांच्या उघडझापीवरून ओळखायचं. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून दिव्याकडं बघायचा पगार घेतीया." खोटं नव्हतं.

त्या हंगामात ऊसतोडणीच्या चिठ्ठ्या छापून व्हायला दुपार उजाडायची. चिठ्ठी हातात पडल्याशिवाय टोळी फडात शिरत नसे, म्हणून तोडकरी आवारात तंबाखू मळत बसायचे. मी नीट पाहिलं, तर डिस्क वाचत कमी होती आणि धावत जास्त. चिठ्ठ्या लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या तारखेनं निघत. एक शेतकरी या टोकाच्या गावचा, पुढचा त्या टोकाच्या, आणि त्यांच्या नोंदीही चकत्यांवर तशाच लांब लांब. चकत्यांवर फिरून वाचणारी आतली दांडी बिचारी नव्या सुनेसारखी माजघरातून ओसरीवर आणि ओसरीवरून माजघरात पळत होती.

मी एकेका गावच्या नोंदी एकत्र आणल्या आणि चिठ्ठ्या गाववार काढल्या. पहिलं कुंडल घेतलं. ते माझं माहेर. नावं तोंडपाठ, चूक झाली तर लगेच दिसली असती. दांडी निवली, सकाळच्या चहाच्या आत चिठ्ठ्या तयार. साहेबांनी कौतुक केलं आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

पण टोळ्या गठ्ठ्यातल्या वरच्या चिठ्ठ्या उचलायच्या. रोज कुंडल वर आणि कडेगाव, म्हणजे माझं सासर, तळाशी. तिकडे कोवळा ऊसही तुटला, इकडे मामंजींच्या उसाला तुरे येऊन तो वाळायला लागला. एकदा शेजारी दारात येऊन म्हणाले, "आवं, सूनबाई म्हायेरचा ऊस आधी न्हेतीया." मामंजी उसळलेच. "मशीन हाय ते! त्याला कुनाचं म्हायेर कळतंय व्हय?" मी आत ऐकत होते. लाजेनं मेल्यासारखं झालं. मुद्दाम केलं नव्हतं, पण माझ्याच हातून झालं होतं.

दुसऱ्याच दिवशी मी साहेबांना विचारून छापण्याआधी तारखेची पाळी पुन्हा लावली. थोडा उशीर व्हायचा, पण पाळी खरी निघायची. मागं राहिलेल्यांत मामंजींची लागण सगळ्यात जुनी, त्यामुळे पहिली चिठ्ठी त्यांचीच आली. मी आनंदानं घरी आले, तर ऊस तसाच उभा. मामंजींनी आपल्या चिठ्ठीवर आलेली टोळी त्याच शेजाऱ्याच्या फडात धाडली होती.

"पोरी, पयलीच चिठ्ठी आपली म्हंजे लोक म्हनतील सुनेनं काढली. वाळंना का ऊस. तू तसलं करायची न्हाईस, मला ठावं हाय."

पुन्हा पाळी यायच्या आत हंगाम सरला आणि त्या उसाचं शेवटी सरपण झालं. उन्हाळाभर मी ते चुलीत घालून मामंजींच्या भाकऱ्या भाजल्या, आणि गठ्ठ्यात कुंडल वर मीच ठेवलं होतं, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.