जेवणानंतर एक

दामोदर गेल्याचा फोन दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आला. सोसायटीच्या जिन्यात चक्कर येऊन तो पडला, डोक्याला मार लागला आणि रुग्णालयात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. फोन करणारा शेजारी म्हणाला, "नवरात्राचा कडक उपास... देवीनेच बोलावलं, बघा." अंत्ययात्रेत हे वाक्य अनेकांच्या तोंडी होतं. ते पुरतं खरं नव्हतं.

दामोदर करावे गावचा, माझा शाळेपासूनचा मित्र. वडील खाडीत जाळं टाकायचे. खाडीकाठी रस्ता आला, इमारती आल्या, होडी गेली आणि दामोदर न्हावा शेव्याच्या बंदरावर एका कस्टम एजंटच्या कचेरीत लागला. कागदपत्रं करून कंटेनर सोडवण्याचं काम. माल अडकला की पहिली शिवी त्याला. काही वर्षांपूर्वी त्याची झोप उडाली, मग जेवण गेलं, मग बोलणं. एकदा टेबलावर बसल्या बसल्या त्याला रडू फुटलं आणि ते थांबेना. डॉक्टरांनी गोळी दिली : जेवणानंतर एक, सहा महिने, मग परत दाखवायला या. हळूहळू तो माणसात आला. हे नोंदवायला हवं, कारण गोळीला नावं ठेवणं सोपं असतं. त्या गोळीने त्याला अंथरुणातून उठवलं. पण ज्या कामाने झोप उडवली होती, ते काम तसंच राहिलं. सहा महिने उलटले, परत दाखवायला कोणी गेलं नाही आणि औषधवाला जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षं पाकिटं देत राहिला.

एकदा दुपारी त्याच्या कचेरीत जेवायला होतो. डबे बंद झाले आणि बडीशेप फिरावी तशा गोळ्या निघाल्या, जवळजवळ प्रत्येकाच्या खिशातून. "तुझी कितीची?" "दहाची." "माझी वीसची. सीनियर आहे मी." सगळे हसले. दामोदरकडे स्टीलची दोन कप्प्यांची डबी होती, एका कप्प्यात बडीशेप, दुसऱ्यात गोळ्या. ती उघडून त्याने माझ्यापुढे धरली. "घे. पेपरवाल्यांना काय टेन्शन नसतं?" कामाच्या तासांबद्दल, साहेबाच्या तोंडाबद्दल त्या टेबलावर कोणी अवाक्षर काढलं नाही. काढायची गरजच उरली नव्हती.

मग त्याची आई वारली. त्यांच्याकडे मयताच्या घरी मोठ्याने रडतात, गेलेल्या माणसाला हाका मारत, त्याचं आयुष्य सांगत. दामोदर आईच्या उशाशी कोरडा बसून होता. मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "आयेसाठी तुझ्या डोल्यान पानी पन नय?"  नंतर खाडीच्या बांधावर तो मला म्हणाला, "आतमधी कोनीतरी लादी बसवलीय रे... पानी मुरतच नाय." त्यानंतर त्याला एकच गोष्ट हवी होती : आईसाठी एकदा रडायचं. डॉक्टरला सांग, ते गोळी हळूहळू कमी करतील, असं मी सुचवलं. "डॉक्टर बोलेल, चांगला चाललाय ना, मग कशाला?"

त्या वर्षी नवरात्रात आई धरायची तो उपास त्याने धरला. दिवसभर पाणी, संध्याकाळी दूध. गोळीच्या पाकिटावर औषधवाल्याने पेनाने लिहिलेलं होतं, 'जेवणानंतर'. जेवणच नाही, तर गोळी कुठली? घरात कोणी विचारलं नाही. उपासाला कोणी प्रश्न विचारत नाही. इतक्या वर्षांची गोळी एका दिवसात बंद झाली. डोक्यात करंट मारतो, चालताना जमीन हलते, असं तो फोनवर सांगत होता. आजच्या आज दवाखान्यात जा, म्हटल्यावर हसला. "अरे, ऐक तर. आज रडलो. आईची मासळी कापायची विळी दिसली माळ्यावर... लय रडलो." इतका आनंदी आवाज त्याच्याकडून कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जिन्यात पडला. उपासाने पडला की बंद केलेल्या गोळीने, हे आता कोणीच ठरवू शकत नाही. ठरवावं असं कोणाला वाटलंही नाही.

गेल्या आठवड्यात रंजनावहिनींनी, त्याच्या बायकोने, जेवायला बोलावलं. अंत्ययात्रेच्या दिवशी त्यांचा आक्रोश खालच्या रस्त्यापर्यंत ऐकू येत होता. दोघी बायकांना त्यांना धरून ठेवावं लागलं होतं. आता त्या शांत होत्या. किती लवकर सावरल्या, असं नातेवाईक कौतुकाने सांगत होते. दामोदरचं नाव निघालं, त्याच्या आईचं निघालं, तरी त्यांचा चेहरा हलला नाही. ताटं उचलली गेली आणि त्यांनी ती स्टीलची डबी पुढे केली.

"बडीशेप घ्या, भाऊजी."

मग दुसऱ्या कप्प्यातून एक गोळी काढून त्यांनी पाण्याबरोबर घेतली.

"यांचीच हाय. शेजारीन बोलली, तिची पन हीच हाय. फुकट कशाला घालवायची... आता रडू नाय येत. बरं हाय."

त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि ती जागेवर, त्याच्या ताटाशेजारी असायची तिथे, ठेवली.