मुशीच्या तेलाचा वास

मला घाणीची शिसारी आहे. शाळेत शिकवत होतो तेव्हा खडूची धूळसुद्धा मी ओल्या फडक्याने पुसून घ्यायचो. असल्या माणसाने स्वतःच्या मोटरसायकलला मुशीचं तेल चोपडावं, यावर माझाच विश्वास बसत नाही. पण चोपडलं.

माझा एक जुना सहकारी पूर्णगडचा. घरच्या होड्या आहेत. होडीच्या लाकडाला ते लोक मुशीचं, म्हणजे छोट्या शार्क माशाचं तेल लावतात, म्हणजे खाऱ्या हवेत लाकूड टिकतं. तो म्हणाला, "लोखंडाला लावून बघ, गंज धरायचा नाही." गुडघ्यांमुळे मी पावसात गाडी चालवत नाही. ती चार महिने खोपीत उभी असते आणि बाहेर काढली की स्टँडचे पापुद्रे सुटलेले असतात. म्हणून बाटलीभर तेल आणलं आणि पावसाआधी दिसेल त्या लोखंडाला लावलं. वास असा, की आठवडाभर आळीतली मांजरं खोपीसमोर ठाण मांडून बसली होती. बायको म्हणाली, "अहो, गाडी ठेवलीत की बांगडे वाळत घातलेत?" जेवताना हात नाकाशी आला की घास फिरायचा. साबण झाला, लिंबू झालं, राख झाली, वास काही जाईना.

पाऊस संपल्यावर गाडी काढली, तर ती गचके खायला लागली. काळा धूर, प्लगवर काजळी, पेट्रोल पाण्यासारखं जायचं. मांडवीच्या रस्त्यावर एक मेस्त्री आहेत, वीस वर्षं माझी गाडी त्यांच्याच हाताखाली आहे. त्यांना म्हटलं, कार्बोरेटर साफ करा, ट्युनिंग करा. ते म्हणाले, "सर, हवेचा फिल्टरपण उघडून बघतो." मी म्हटलं, "सांगितलंय तेवढंच करा. बाकी कशाला हात लावायचा नाही." हे लोक एक उघडतात आणि पाच बिघाड दाखवतात, हे माझं जुनं मत. त्यांनी मान हलवली.

गाडी घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी परत तोच धूर. माझं डोकं सटकलं. संध्याकाळी पाचला गॅरेजशेजारच्या चहाच्या टपरीवर माणसं जमतात, रिक्षावाले, एकदोन कारकून. नेमका त्या वेळी मी गेलो आणि त्यांच्यादेखत मेस्त्रींना सुनावलं, "माझा ओरिजिनल जेट काढून घेतलास आणि डुप्लिकेट बसवलास. चोर आहेस तू." जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पितळेचा बारीक भोकाचा स्क्रू, त्यातून पेट्रोल मोजून जातं. वीस वर्षं ज्याला अहो-जाहो केलं त्याला मी अरे-तुरे केलं. त्यांनी फडक्याला हात पुसले.

चार दिवसांनी आमच्या शेजाऱ्याने त्याची स्कूटर दुसऱ्या गॅरेजला नेली. "तुम्ही म्हणालात म्हणून हो," तो मला म्हणाला. न्हाव्याकडेही तीच चर्चा. कबूल करतो, मला बरं वाटलं.

आता फक्त पुरावा हवा होता. तो डुप्लिकेट जेट काढायचा आणि मेस्त्रींच्या टेबलावर आपटायचा, असं ठरवून एका सकाळी घरापुढच्या खळ्यात वर्तमानपत्र पसरलं आणि मी स्वतः कार्बोरेटर उतरवला. खालचा कप उघडला तर आतून घासल्या भांड्यासारखा लख्ख. मला त्याचाच राग आला. जेट काढून उजेडात धरला. त्याच्या खाचेची एक कड उडालेली होती. ती मीच उडवली होती, फार पूर्वी, भलताच स्क्रूड्रायव्हर लावून. जेट माझाच होता.

मग धूर कुठून येतो? कार्बोरेटरला हवा जिथून मिळते ती रबराची नळी ओढली आणि मला तो वास आला. तोच, पण आता कुजलेला. फिल्टरच्या डब्याच्या तोंडात बोटं घातली, तर काहीतरी चिकट, मऊ, गार लागलं. पकडीने ओढलं तेव्हा ते सलग बाहेर आलं. काळ्या तेलाने थबथबलेला कपडा, त्यात झुरळांची अंडी, उंदराचे केस, आणि घडीत चपटी झालेली एक पाल. मला कोरडी ओकारी आली. बायकोने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "हा तुमचा गंजीफ्रॉक ना? मी शोधत होते."

माझाच होता. आत दमट हवा जाऊ नये म्हणून मुशीच्या तेलात बुडवून मीच तो तिथे कोंबला होता, आणि विसरलो होतो. गाडीचा श्वास मी बुजवला आणि चोर दुसऱ्याला म्हटलं. पालीची किळस आली होतीच, पण त्या क्षणी मला माझी जास्त आली.

तो गोळा काठीने उचलून माडाच्या आळ्यात टाकला. फिल्टर धुतला, कार्बोरेटर परत बसवला. हवेचा स्क्रू पूर्ण आत फिरवला, मग दीड फेरा बाहेर, आणि कान लावून अजून थोडा. गाडी इतकी साफ चालायला लागली की मला ते ऐकवेना.

दुपारी अडीचला गॅरेजला गेलो. मेस्त्री नमाज आटोपून एकटेच डबा उघडत होते. मी सगळं सांगितलं. जेट माझाच, कपडा माझाच, चूक माझीच. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"सर, चोर म्हणालात तेव्हा पाच वाजले होते," ते म्हणाले. "आज अडीचला आलात."

मी टपरीच्या बाकावर जाऊन बसलो. पाच वाजेपर्यंत बसलो. हाताला तो वास होता, शेजारी कोणी टेकत नव्हतं. माणसं जमल्यावर उभा राहिलो आणि म्हटलं, "मेस्त्रींनी माझा जेट बदललेला नव्हता. मी खोटं बोललो. बिघाड मी केला होता." मेस्त्रींनी मान वर केली नाही, पण त्यांचा पाना थांबला होता.

घरी येताना शेजाऱ्याच्या दारात थांबून त्यालाही तेच सांगितलं. तो हसला. "सर, तुम्ही भले माणूस. त्याच्या पोटावर पाय नको म्हणून बोलताय. कळतं हो आम्हाला."

पुन्हा सांगितलं. पुन्हा हसला. चोर म्हणालो तेव्हा या माणसाने मला एकही प्रश्न विचारला नव्हता.

मी घरी गेलो. माडाच्या आळ्यात हात घालून तो गंजीफ्रॉक परत काढला. मुंग्या लागल्या होत्या. बायको म्हणाली, "अहो, हे काय आता?" तसाच हातात धरून शेजाऱ्याच्या दारात गेलो आणि त्याच्या नाकासमोर उघडला. तो भिंतीपर्यंत मागे सरला.

"हा माझा आहे," मी म्हटलं. "नीट वास घ्या. आणि उद्या स्कूटर मेस्त्रींकडे न्या."