ब पेटीचा दिवस

सगळे त्याला कुलूप म्हणत. हे नाव दाजींनी ठेवलेलं, म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने. दाजी ढगांत धूर सोडणारं छोटं विमान चालवायचे. त्या विमानाच्या पंखांखाली धुराची नळकांडी बसवायची, हे कुलूपचं काम.

काम दिसायला सोपं. उंच ढगातलं पाणी शून्याच्या खाली गार होऊनही कधी कधी गोठत नाही. त्याला धरायला काहीतरी लागतं. नळकांड्यातलं सिल्व्हर आयोडाइड जळलं की त्याचे बारीक कण ढगात पसरतात. त्यांची घडण बर्फासारखी असते, म्हणून पाणी त्यांच्यावर गोठतं, जड होतं आणि खाली येता येता वितळून पाऊस होतं. कुठे हेच गारा लहान राहाव्यात म्हणून करतात, कुठे धावपट्टीवरचं धुकं हटवायला. इथे धरण भरायचं होतं. तळाचा चिखल दिसायला लागला होता.

पण कोऱ्या आभाळातून थेंबही निघत नाही. ढग आधी असावा लागतो. आणि ढग असला तर तो आपणहूनही बरसला नसता कशावरून? खरी गोम तिथेच होती. ती सोडवायला मोठ्या साहेबांनी प्रयोग लावला होता.

कोठीत दोन पेट्या असत. अ पेटीतली नळकांडी खरी. ब पेटीतली दिसायला तशीच, वजनाला तशीच, धूरही तसाच, फक्त आत औषध नाही. उड्डाणाच्या दिवशी बंद पाकीट यायचं. कुलूप ते एकटाच उघडायचा, अक्षर वाचायचा आणि त्या पेटीतली नळकांडी बसवायचा. वैमानिकाला सांगायचं नाही, रडारवरच्या बाईंनाही नाही. खोटं आहे हे कळलं तर माणूस हात आखडता घेतो, आणि मग तुलनेला अर्थ उरत नाही.

दाजी रोज खोदून बघायचे. निदान डोळा तरी मारा कुलूपराव, म्हणायचे. कुलूप फडक्याने हात पुसत राहायचा.

त्या दिवशी ब निघालं. धरणामागच्या डोंगरावर जाडजूड ढग चढला होता. कुलूपने बारा नळकांडी बसवली, खिळी ओढून बघितली आणि दाजींना म्हणाला, "जपून या."

दाजी हसले आणि गेले. दुपारी रडारवरच्या बाईंनी तीनदा हाक दिली. उत्तर आलं नाही. विमान डोंगराच्या उतारावर सापडलं, भर पावसात. तो पाऊस तीन तास पडला. धरणात पाणी चढलं. गाव म्हणू लागलं, माणसाने जीव दिला पण पाऊस आणला. घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण बहिणीला हेच ऐकवत होता.

कुलूप दोन आठवडे तिच्याकडे फिरकला नाही. ती विचारणार, हे त्याला ठाऊक होतं. काय सांगायचं तेही त्याने ठरवलं होतं. शेवटी गेला. दाराशी दाजींचे बूट तसेच होते. तिने चहा टाकला आणि पाठमोरीच विचारलं, "दादा, तो पाऊस यांचा होता का रे?"

"होता."

तिने गॅस बंद केला.

"तुला खोटं बोलता येत नाही. यांना रोज कळायचं. खऱ्या दिवशी तू नुसती पंखावर थाप मारायचास. खोट्या दिवशी जपून या म्हणायचास. 'तुझ्या दादाच्या कुलपाला किल्लीच लागत नाही,' म्हणून हसायचे घरी येऊन."

खोट्या नळकांड्यांपायी माणसाला ढगात पाठवताना त्याचा जीव तुटायचा. ते दोन शब्द कधी तोंडातून निघायचे, त्याचं त्यालाच कळत नसे.

"त्या दिवशी काय म्हणालास?"

"जपून या," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "कळलं होतं तर इतके आत कशाला गेले?"

"खोट्या दिवशी जास्तच आत जायचे. मन मागे ओढतं म्हणायचे, म्हणून स्वतःला ढकलावं लागतं. तुमच्या प्रयोगात खोट यायला नको ना." तिने चहा गाळला. कप त्याच्यापुढे ठेवला. "काही का असेना, त्यांचं काम तरी चोख राहिलं."

कुलूपने चहा संपवला. ती बघत होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांकडे गेला आणि सगळं सांगितलं. वैमानिकाला माहीत होतं म्हटल्यावर ती उड्डाणं हिशेबात धरता येत नाहीत, एवढंच साहेब म्हणाले. मग त्यांनी पट्टी घेतली आणि यादीतल्या दाजींच्या एकेका उड्डाणावर रेघ मारली. खऱ्या दिवसांवर, खोट्या दिवसांवर. शेवटची रेघ मारताना त्यांचा हात थांबला. पण मारली.

आता नवी वैमानिक आली आहे, पोरसवदा मुलगी. निघताना रोज म्हणते, "येते हं काका." कुलूप मान खाली घालून हात पुसतो. थाप नाही, शब्द नाही.

रविवारी तो बहिणीकडे जातो. त्या रेघांचं त्याने तिला अजून सांगितलेलं नाही.