सहलीला निघालेलं स्वयंपाकघर

आमच्या घरात काही ठरवायचं म्हणजे रविवार लागतो, आणि रविवार म्हटला की मटण लागतं. त्यामुळे चार पिढ्यांनी मिळून सुट्टीला जायचा विषयही रश्श्याच्या वाटीवरच निघाला, आणि तिथंच तो बिघडला. जेवणं होऊ द्या, मग बोलू, असं मी म्हणत होते. शाळेत मी वर्गभर पोरं नुसत्या नजरेनं गप्प बसवते, पण मंगळवार पेठेतल्या या घरात माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सहल मुळात माझ्या डोक्यातून निघाली होती, आणि ती सासूबाईंसाठी होती. त्यांना मी आत्या म्हणते. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी कुटून आणली, ती बरणीत दाबून भरता भरता त्या म्हणाल्या, "एकदा कुठंतरी जाऊया गं. चार दिस ताट आयतं म्होरं आलं पायजे. मग मी काय मागत न्हाय."

आत्या कधीच काही मागत नाहीत. म्हणून मी धाकट्या दिरांच्या ओळखीतून कोकणात समुद्राजवळचं एक हॉटेल धरलं. चहानाष्ट्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत सगळं त्यांचंच. आणि त्या रविवारी सगळ्यांना सांगून टाकलं.

पहिले सासरे बोलले. त्यांना मी मामा म्हणते. "हॉटेलचं जेवण गुळमाट असतंय. मागं पुण्याला लग्नाला गेलतो, दोन दिस उपाशी हुतो." उपाशी म्हणजे पुरणपोळीवर. मग त्यांच्या आई, आमच्या आज्जी, म्हणाल्या की त्यांना भाकरी लागते, आणि ती आत्यांच्या हातचीच चावते. उचगावला राहणाऱ्या या दिरांना तिकडं मटण बोकडाचं मिळतं का, ही काळजी. आमचे हे मटणातली नळी ओढत म्हणाले, "बघू की." लग्नापासून मी हे उत्तर ऐकतेय. बघत मात्र कुणी नाही.

"तुम्ही समुद्र बघायला निघालाय की पांढरा रस्सा प्यायला?" मी विचारलं.

"समुद्र काय पळून जातोय व्हय?" मामा म्हणाले, आणि आत्यांकडे वाटी पुढे केली. आत्यांनी ती भरली.

पुढच्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर दिरांचा निरोप आला. हॉटेल रद्द केलं, बंगला घेतला. मोठं स्वयंपाकघर, गॅस, भांडीसुद्धा. खाली वर केलेल्या अंगठ्यांचा पाऊस पडला. माझ्या सहलीचं स्वयंपाकघर झालं, आणि मला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मी तडक फोन लावला.

"स्वयंपाक कोण करणार?"

"सगळ्यांनी मिळून करायचा की, वहिनी."

आमच्याकडच्या 'सगळ्यांनी मिळून'चा मला चांगला अनुभव आहे. पुरुष दोन कांदे चिरतात, डोळे पुसत फोटो काढतात आणि बाहेर जाऊन खुर्च्या मांडतात. मी मामांपुढे जाऊन सरळ म्हटलं, की ही सहल आत्यांसाठी आहे आणि त्या स्वयंपाक करणार नाहीत. मामा खरोखरच चकित झाले. "तिला कोण कर म्हणतंय? ती हौसेनं करती." हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. हौस आहे का, हे त्या बाईला या घरात कुणी विचारल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी सामान बांधलं. बंगल्यात भांडी होती, पण मामांचा त्या भांड्यांवर विश्वास नव्हता. म्हणून परात, तवा, मोठं पातेलं, ज्वारीचं पीठ, चटणीचा डबा. मामा मागतील ते आत्या काढून देत होत्या. मी चिडून म्हटलं, "एकदा नाही म्हणा की, आत्या." त्या म्हणाल्या, "भरू दे त्यास्नी."

सकाळी गाडी दारात आली. पातेलं चढलं, आज्जी चढल्या, पोरं खिडकीवरून भांडली. शेवटी आत्या बाहेर आल्या, अंगावर चांगलं लुगडं, हातात एकच पिशवी. ती त्यांनी गाडीत दिली नाही.

"तुम्ही जावा सगळी," त्या म्हणाल्या. "मी मुरगूडला अक्काकडं जातो."

दिरांना चेष्टाच वाटली. मामा म्हणाले, "मुरगुडात काय हाय? समुद्र हाय का तिथं?"

"तिथं मी धाकटी हाय," आत्या म्हणाल्या. "अक्का मला चुलीजवळ फिरकू देत न्हाय."

मग आज्जींनी विचारलं, "मग माझी भाकरी?" आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. खरं सांगते, त्या क्षणी मला आत्यांचासुद्धा राग आला. इतके दिवस मी त्यांच्यासाठी भांडले, आणि त्या परात माझ्या गळ्यात घालून निघाल्या होत्या. तरी मीच स्कूटर काढली. गाडी थांबवून ठेवली आणि त्यांना स्टँडवर सोडायला गेले.

मुरगूडची एसटी लागलेलीच होती. त्यांना खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी होते, माझं तोंड चढलेलं त्यांना दिसत असणार. त्यांनी खिडकीतून वाकून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तुलाबी चल म्हटलं असतं की," त्या म्हणाल्या. "पर तू आलीस तर तिथंबी मलाच थोरली व्हावं लागंल."