पंपघराचं दार

नव्वदच्या दशकात मी साताऱ्यातल्या एका कार्यालयात निविदा आणि खरेदीचं काम बघत होतो. नोकरीतलं काय आठवतं असं कुणी विचारलं, तर मला निविदा उघडण्याच्या दुपारी आठवतात. लाखेचा वास, टाइपरायटरचा खडखडाट, आणि बाहेरच्या बाकावर एकमेकांच्या विरोधात दर भरलेले ठेकेदार एकाच कागदातून सांगलीचं भडंग खात बसलेले. दर वाचून झाले की चेष्टा सुरू व्हायची.

"गड्या, एवढ्या दरात बांधनार कशानं? चिखलानं?"

"तुला काय करायचंय? तू पेढं खा."

ज्याला काम मिळालं त्यानं कंदी पेढे आणायचे आणि ज्याचं हुकलं त्यानं पहिला पेढा उचलायचा, अशी रीत होती. रुसलेला माणूसही पेढा खाल्ल्यावर हसायचा. त्या दुपारी आता पुन्हा मिळायच्या नाहीत.

त्या बाकावरचा एक ठेकेदार माण तालुक्यातला होता. बाप गवंडी, स्वतःही गवंडी. पहिलं सरकारी काम मिळालं तेही त्याच्याच गावच्या पाणीयोजनेच्या पंपघराचं. पेढ्यांचा पुडा पुढं करत तो मला म्हणाला होता, "गावातलंच काम हाय, साहेब. बिघडलं तर तोंड लपवायला जागा न्हाई."

पंपघर त्याच्याकडे आणि पंप दुसऱ्या पुरवठादाराकडे, पण दोन्ही कामं माझ्या टेबलावरून गेली. सगळ्यात कमी दराचा जो पंप मी घेतला, त्याची लोखंडी बैठक नकाशात धरली होती त्यापेक्षा बरीच रुंद होती. पुरवठादाराचा माणूस चहा पिताना बोललाही, "साहेब, तेवढं बांधणाऱ्याला कळवा." मी "हो" म्हणालो आणि कळवलं नाही. ते बांधकामवाले बघतील, असं वाटलं. दर कमी मिळाला होता, मंजुरी झाली होती, माल वेळेत निघाला होता. माझं काम संपलं होतं.

पंप ट्रॅक्टरवरून गावात आला त्या दिवशी मी जीपनं तिथं गेलो होतो. पंपघराला आंब्याची डहाळी बांधलेली. बाया रिकाम्या कळश्या घेऊन आलेल्या. साखळीला टांगलेला पंप दारापर्यंत गेला आणि अडला. फिरवून पाहिला, तिरका करून पाहिला. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, दार ठेवायचं सोडून खिडकी ठेवली की रं ह्यानं!" सगळं गाव हसलं.

"नकाशात एवढंच हाय," ठेकेदार म्हणाला.

"तुला नकाशा कळतूय व्हय रं?"

पुन्हा हशा. त्यानं टेप लावला, पुन्हा एकदा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी जीपजवळ उभा होतो, जीपकडेच बघत राहिलो. आमचे अभियंता म्हणाले, "जाऊ दे, भिंत फोडा, आधी पाणी चालू होऊ दे." आपण बांधलेली भिंत त्यानं आपल्याच हातानं फोडली.

तेव्हापासून गावानं त्याचं नाव 'खिडकीवाला' ठेवलं. लोक घर बांधायलासुद्धा बाहेरगावचा गवंडी आणू लागले. आमच्या बाकावर तो पुन्हा दिसला नाही.

मी मात्र त्यातून शिकलो. पुढच्या प्रत्येक कामात ऑर्डर देण्याआधी बांधकाम, वीज, भांडार अशा सगळ्यांना एका टेबलाभोवती बसवायचो. काय आधी येणार, कुठं उतरणार, कुठून आत जाणार, हे एकमेकांच्या तोंडून ऐकायला लावायचो. कामं वेळेत होऊ लागली, माझं नाव झालं. दशक संपता संपता सांगलीला, विश्रामबागेत, खरेदी-निविदांच्या कर्मचाऱ्यांना प्रकल्प व्यवस्थापन शिकवायला मला बोलावलं. मी सुरुवातच खिडकीवाल्या ठेकेदारापासून केली. खोली हसली.

नवीनच नोकरीला लागलेली एक मुलगी मात्र हसली नव्हती. "सर, पंपाची ऑर्डर कुणी दिली होती?"

"आता आठवत नाही," मी म्हणालो.

चहाच्या सुट्टीत ती जवळ आली. "मी त्यांची मुलगी," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

त्या रविवारी मी एसटीनं तिच्या गावी गेलो. तिचे वडील दारासमोर शेळ्यांच्या गोठ्याची भिंत रचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली थापी खाली ठेवली नाही.

"आवं साहेब, मला कशाला सांगताय? टेप लावला तवाच मला कळलं हुतं. पारावर चला. समदी बसल्याती. तिथं सांगा."

"एसटीची वेळ झाली," मी म्हणालो.

"व्हय. एसटी चुकंल," ते म्हणाले आणि पुढचा दगड उचलला.

एसटी पारासमोरच थांबायची. म्हातारी माणसं बसली होती. एकानं सरकून मला जागाही करून दिली. मी उभाच राहिलो आणि गाडी आल्यावर चढलो.

गावाचं नाव लिहीत नाही, त्यांचंही नाही. ओळखणारे ओळखतील. त्या पारावर कुणाच्या हातात हे पडलं तर त्यानं मोठ्यानं वाचावं. दार नकाशाप्रमाणेच होतं. रुंद पंप मी मागवला आणि बांधणाऱ्याला कळवलं नाही. तुम्ही हसलात तेव्हा चूक करणारा माणूस जीपजवळ उभा होता.